हॅडलमथची चिखलमावशी

मित्रांनो, वादळाशी झुंजणाऱ्या बोटींच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. दूरदेशी जाऊन चहा, रेशीम आणि मसाले आणणाऱ्या जहाजांच्याही ऐकल्या असतील. मी त्यांच्यातली नाही. मी आयुष्यभर एकाच बंदरात राहिले आणि चिखल उपसला. गाळ काढणाऱ्या बोटीला सांगण्यासारखे असणार तरी काय, असे तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते.

आमचे गाव हॅडलमथ. हॅडल नदी इथे उत्तर समुद्राला मिळते. नदी आपल्याबरोबर शेतांतली माती आणते, समुद्र वाळू आणि गोटे आणतो, आणि दोघांच्या भेटीच्या जागी, बंदराच्या अगदी तोंडाशी, पाण्याखाली एक दांडा वाढत जातो. भरतीला तो दिसतही नाही. ओहोटीला मात्र भरलेल्या बोटीचा तळ त्याला घासतो. मी येण्याआधी या दांड्यापुढे गावाने हात टेकले होते. कोळसा घेऊन येणारी गलबते भरतीची वाट पाहत बाहेर ताटकळत, आणि कंटाळून दुसऱ्या बंदरात निघून जात. शेवटी गावाने एक बंदर कमिटी नेमली आणि कमिटीने मला बांधून घेतले. पहिले महायुद्ध व्हायला तेव्हा अजून काही वर्षे होती.

माझा जन्म स्कॉटलंडमधल्या एका गोदीत झाला. माझ्या शेजारी एका धनिकाची शिडाची नौका तयार होत होती. तिचे लाकूड मधासारखे चमकत असे. कामगार दुपारी तिच्या सावलीत बसून भाकरतुकडा खात आणि तेलकट हात माझ्या अंगाला पुसत. माझ्यात बघण्यासारखे काही नव्हतेच. चौकोनी अंग, उंच धुराडे, आणि मधोमध एक लांब चीर. त्या चिरेतून एक लोखंडी भुजा पाण्यात उतरायची. तिच्यावर साखळी फिरायची आणि साखळीला रहाटगाडग्यासारख्या लोखंडी बादल्या ओवलेल्या होत्या. बादल्या तळाशी जात, गाळ भरून वर येत, आणि शेजारी उभ्या केलेल्या पडावात, म्हणजे सपाट तळाच्या उघड्या बोटीत, धाडकन रित्या होत. तो पडाव मग दूर समुद्रात जाऊन गाळ टाकून येई.

कमिटीचे अध्यक्ष मिस्टर थ्रोअर यांनी माझ्या अंगावर आपल्या पत्नीचे नाव रंगवून घेतले होते. ‘लेडी ऑगस्टा’. मी गावात आले त्या दिवशी धक्क्यावर बँड वाजत होता. मुलांना गोड पाव वाटले होते. मिसेस थ्रोअर पांढरे हातमोजे घालून सगळ्यांत पुढे उभ्या होत्या. यंत्र सुरू झाले आणि पहिली बादली वर आली. कितीतरी वर्षे तळाशी कुजत पडलेला तो काळा चिखल होता. त्याचा वास सुटला, वाऱ्याने दिशा बदलली, आणि एक मोठा शिंतोडा हातमोज्यांच्या वरपर्यंत गेला. बँड तेवढा वाजत राहिला.

दुसऱ्याच आठवड्यात माझे नाव खरवडून तिथे ‘नंबर दोन’ असे लिहिले गेले. आमच्या बंदरात नंबर एक नावाची बोट कधीच नव्हती. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या स्पिंकने याबद्दल विचारले, तेव्हा माझा मुकादम शांतपणे म्हणाला, “नंबर एक मिसेस थ्रोअर.”

गावाने मात्र दोन्ही नावे बाजूला ठेवली. मला सगळे चिखलमावशी म्हणू लागले.

तो मुकादम म्हणजे रूबेन कॅचपोल. उंच, हडकुळा, मोठ्या कानांचा. त्याचे वडील आणि आजोबा हेरिंग मासे पकडायला जात. रूबेनला मात्र लाटांवर मळमळायचे. पाण्यावर राहायचे पण कुठे जायचे नाही, असे एकच काम गावात होते आणि ते माझ्यावर होते. संध्याकाळी कोळी त्याला छेडत. “काय रूबेन, आज कुठवर मजल मारलीस?” तो टोपी सरळ करत म्हणे, “कालच्यापेक्षा दहा हात पुढे.”

पण त्या दहा-दहा हातांनीच गाव बदलले. दांडा खाली गेला. भरलेली गलबते सरळ आत येऊ लागली. धक्क्यावर कोळशाच्या आणि जवाच्या राशी पडू लागल्या. हेरिंगच्या दिवसांत तर मासे धुरावण्याच्या खोल्या रात्रंदिवस धुमसत असत आणि गावातल्या प्रत्येक माणसाच्या कपड्यांना ओकच्या धुराचा वास येत असे. चॅपेलमध्ये समुद्राचे आभार मानायची प्रार्थना झाली, तेव्हा पाद्रीबुवांनी माझेही नाव घेतले. कोणते नाव घ्यावे या विचाराने ते जरासे अडखळले, असे स्पिंकने सांगितले.

रूबेनची मोठी बहीण होती हेस्टर. आई लवकर गेल्यामुळे रूबेनला तिनेच वाढवले होते. ओबेड लार्टर हा तिचा नवरा. ओबेड ‘गुड इंटेंट’ नावाच्या मासेमारी बोटीचा तांडेल होता. धिप्पाड, लाल दाढीचा, आणि आवाज असा की धक्क्यावरून बोलला तर पलीकडच्या काठावरच्या मेंढ्या मान वर करत. हेस्टर रोज दुपारी छोटी होडी वल्हवत माझ्याकडे यायची आणि जेवणाची टोपली रूबेनच्या हाती द्यायची. टोपली नेहमी भरलेली असे. बटाटे, हेरिंग, आणि रविवारचे उरलेले पुडिंग.

परत जाताना तीच टोपली रिकामी नसायची. कारण माझ्या बादल्यांतून नुसता चिखल येत नव्हता. मातीच्या चिलमी येत. फुटके रांजण येत. एकदा तोफेचा गोळा आला. एकदा एका लहान मुलाचा चामड्याचा बूट आला. टाके अजून शाबूत होते. शाळामास्तरांनी तो निरखून पाहिला आणि सांगितले की हा बूट घालणारे मूल कित्येक शतकांपूर्वी, पलीकडच्या देशांत आपली लोकर जात होती त्या काळी, या धक्क्यावर खेळत असणार. हेस्टरने तो बूट धुतला, मेण चोळून मऊ केला आणि आपल्या बैठकीच्या खोलीत खिडकीत ठेवला. तिला मूलबाळ नव्हते. तो बूट तिथून हलवलेला तिला कधी चालला नाही.

महायुद्ध आले आणि गेले. जाताना गावातली बरीच मुले घेऊन गेले. कोळशाची गलबते कमी झाली, कारण कोळसा आता आगगाडीने येऊ लागला. हेरिंगही एका वर्षी खूप, तर दुसऱ्या वर्षी नावाला, असे करू लागली. पण त्याच आगगाडीने दुसरेच काही आणले. उन्हाळ्यात लंडनहून माणसे यायला लागली. त्यांना समुद्राची हवा हवी होती. वाळूत बसायला, धुरावलेली हेरिंग खायला आणि किनाऱ्यावरून हळूहळू चालायला ती येत. गावातली बायकामाणसे जूनमध्ये आपला संसार मागच्या धुणीघरात हलवत आणि पुढच्या खोल्या पाहुण्यांना देत. हेस्टरने तर आपल्या घरावर ‘सीगल हाउस’ अशी पाटी लावली. तिचे घर बंदराच्या तोंडासमोरच होते. म्हणजे माझ्या समोर.

एके दिवशी ती टोपली घेऊन आली, पण टोपली तिने खाली ठेवली नाही.

“रूबेन, तुझी ही मावशी सकाळी सहाला किंचाळायला लागते. माझ्या वरच्या खोलीतल्या बाईंनी आज अंड्याला हातसुद्धा लावला नाही.”

“अंडं नासलं असेल.”

“वास अंड्याचा नव्हता. तुझा होता.”

रूबेन हसला. ती हसली नाही.

“उन्हाळाभर बंद ठेव हिला,” ती म्हणाली. “हिवाळ्यात काढ काय काढायचं ते.”

“आणि दांडा? त्यालाही सुट्टी देऊ?”

“उन्हाळ्यात समुद्र शांत असतो.”

“हेस्टर, तुझा स्वतःचा नवरा ह्याच तोंडातून ये-जा करतो.”

“म्हणूनच सांगतेय. गेल्या वर्षी ओबेडनं काय आणलं ते तुला ठाऊक आहे. हेरिंगचा भरवसा राहिलेला नाही. ही माणसं यायची बंद झाली, तर ह्या गावानं खायचं काय? तुझा चिखल?”

रूबेनने टोपलीकडे हात पुढे केला. तिने टोपली दिली, पण होडीत बसताना तिने मागे वळून पाहिले नाही.

कमिटीची सभा सीगल हाउसच्या जेवणघरात भरली, कारण गावात तेवढी मोठी खोली दुसरी नव्हती. जून ते सप्टेंबर मला बंद ठेवावे असा ठराव मांडला गेला. हेस्टरने हात वर केला. दुकानदारांनी केला. कोळ्यांनीही केला, कारण प्रत्येकाच्या घरी पुढच्या खोलीत पाहुणे होते. ओबेडचा हात तर सगळ्यांत उंच होता. मग कुणीतरी रूबेनला विचारले, “तुमचं काही म्हणणं?”

“नाही,” रूबेन म्हणाला.

हे त्याने दुसऱ्या दिवशी स्पिंकला सांगितले. स्पिंक म्हणाला, “एवढंच बोललास?” रूबेन म्हणाला, “माझ्या बहिणीनंच हात वर केला. पुढं मी कशाला तोंड उघडू?” तो रागावला होता. मोठ्याने रागावणे त्याला कधी जमलेच नाही. त्याचा राग आत जाऊन बसायचा, जसा गाळ बसतो.

त्या दिवसापासून टोपली यायची बंद झाली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मला फार वाईट वाटले असेल. खरे सांगते, ते उन्हाळे मला आवडले. मला आतल्या खाडीत नेऊन बांधत. कुणाच्या डोळ्यांना खुपू नये म्हणून मला हिरवा रंग दिला होता. मुले माझ्या काठावर बसून दोऱ्याला मांसाचा तुकडा बांधत आणि खेकडे पकडत. किनाऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांचे तंबू लागत, संध्याकाळी बँड वाजे. गावात पैसा दिसू लागला, खिडक्यांना नवे पडदे आले. असे दोन उन्हाळे गेले आणि काहीही वाईट घडले नाही. पाण्याखाली काय चालले आहे ते कुणाला दिसत नव्हते.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबर लागला आणि ईशान्येचा वारा सुटला. सकाळी आकाश नुसते पांढरट होते. दुपारपर्यंत समुद्र धक्क्यावरून उड्या मारायला लागला. पाहुणे शाली घेऊन किनाऱ्यावर आले होते. त्यांना लाटांची मौज वाटत होती. मासेमारीच्या बोटी एकेक करून परतू लागल्या. भरती होती तोवर त्या आत आल्या. ‘गुड इंटेंट’ सगळ्यांत लांब गेली होती. ती दिसू लागली तेव्हा पाणी उतरायला लागले होते.

ओबेड त्या तोंडातून लहानपणापासून ये-जा करत होता. त्याने बोट बरोबर मधोमध घातली. दोन्ही बाजूंच्या लाकडी बांधांच्या मध्ये ती आली, आणि एकाएकी थांबली, जणू कुणी खालून धरली. पुढच्या लाटेने तिला आडवे केले. मग सीगल हाउसचे दार उघडले आणि हेस्टर डोक्याला काही न बांधता बाहेर पळाली.

रूबेन माझ्याकडे धावत आला. माझ्याजवळ जाड पोलादी दोर होते आणि ते गुंडाळणारे वाफेचे रहाट होते. स्वतःला नांगरावर ओढत नेण्यासाठी ते मला दिलेले होते. खाडीच्या कडेपर्यंत गेले असते, तर एवढ्याशा बोटीला मी सहज आत ओढले असते. रूबेनला ते ठाऊक होते.

“पेटव,” तो स्पिंकला म्हणाला.

“रूबेन, बॉयलर जूनपासून थंड आहे. वाफ धरायला सबंध दिवस लागतो.”

“पेटव म्हणतो ना.”

दोघांनी मिळून भट्टी भरली. रूबेनने आपला कोट काढून आत टाकला, खुर्ची फोडून टाकली, माझ्या दाराची लाकडी फळी टाकली. मग तो वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर उभा राहिला. मित्रांनो, माझ्या अंगात ताकद होती. ती नेमकी त्या वेळी झोपलेली होती आणि कुणाच्याही हाकेने ती उठणार नव्हती. लोखंड हळूहळूच तापते. काटा शून्यावरून हलेना.

शेवटी वल्हवायची जीवरक्षक बोट गेली. तिने एकेक खलाशी उतरवून घेतला. ओबेड शेवटी उतरला. तो उतरत असताना लाट आली, दोन्ही बोटी एकमेकींवर आपटल्या आणि त्याचा पाय मध्ये सापडला. माणसे सगळी वाचली. ‘गुड इंटेंट’ अंधार पडायच्या आत फुटली.

माझा काटा तेव्हा कुठे हलू लागला होता.

सकाळी वारा पडला. रूबेन रात्रभर माझ्यावरच बसून होता. पाण्यावर वल्ह्यांचा आवाज आला. हेस्टर होती. तिच्या हातात टोपली होती.

“डॉक्टर म्हणाले, पाय राहील,” ती म्हणाली. “सरळ नाही व्हायचा.”

“हं.”

“बॉयलर गरम आहे?”

“आहे.”

“मग बसलायस काय?”

“ठराव आहे. महिनाअखेरपर्यंत बंद.”

“ठराव माझ्या जेवणघरात झाला. हात मी वर केला होता, तो आता खाली घेतला. चल, ऊठ.”

“आणि तुझे पाहुणे?”

“त्यांनी काल सगळं खिडकीतून बघितलंय. आज कुणी आवाजाचं नाव काढलं, तर त्यांची पेटी मी स्वतः स्टेशनवर नेऊन ठेवीन.”

रूबेनने हातातल्या तेलकट फडक्याने तोंड पुसले. त्याने तोंड आणखीच काळे झाले. हेस्टर त्याच्याकडे पाहत राहिली. “आता चिखलमावशीचा भाचा शोभतोस,” ती म्हणाली, आणि तिने टोपली त्याच्या मांडीवर ठेवली.

पहिले काम फार जड होते. बंदराच्या तोंडात ‘गुड इंटेंट’ पडली होती आणि ती काढल्याशिवाय वाट मोकळी होणार नव्हती. मोठे वासे माणसांनी साखळ्या बांधून ओढले. बाकीचे माझ्या बादल्यांनी वर आणले. फळ्या, जाळ्याची बुचे, चहाची किटली, ओबेडचा एक मोजा. वस्तू हलक्याच होत्या, पण माझ्या साऱ्या आयुष्यात तेवढे जड मला काही लागले नाही.

काही आठवड्यांनी ओबेड कुबड्यांवर माझ्याकडे आला. बादल्या जिथे रित्या होतात तिथे तो उभा राहिला.

“मी हात वर केला तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास,” ओबेड म्हणाला.

“बघत होतो.”

“मग बोलला का नाहीस? म्हणायचं, ओबेड, गाढवा, हात खाली घे.”

“राग आला होता.”

“मला राग आला की सगळ्या गावाला कळतं.”

“गावाला तू झोपलास तरी कळतं. घोरतोस.”

ओबेडच्या लाल दाढीत काहीतरी हलले. मग तो खाली बघत म्हणाला, “समुद्रावर आता मला कोण नेणार?”

“इथं राहा,” रूबेन म्हणाला. “बादल्यांकडे बघायला माणूस हवाय. स्पिंक उभ्या उभ्या झोपतो.”

“दया म्हणून ठेवतोयस?”

“तू दिवसभर माझ्या कानाशी ओरडणार. दया माझ्यावर करायला हवी.”

असा हेरिंग बोटीचा तांडेल चिखलमावशीवर आला. जुने सोबती त्याला धक्क्यावरून टोमणे मारत. “ओबेड, आज कुठले मासे?” सुरुवातीला तो मान खाली घालत असे. पुढे त्याचा आवाज परत आला. चिखलातून काही चमकले की तो पाण्याच्या फवाऱ्याने ते धुई, वर धरी आणि लिलाववाल्यासारखा ओरडे, “बूट आलाय. डाव्या पायाचा. चारशे वर्षांत कुणी विचारायला आलं नाही. कुणाचा असेल तर आत्ताच सांगा.”

पाहुण्यांना हे फार आवडू लागले. हेस्टरने घरासमोर बाके मांडली. जे लोक पूर्वी माझ्या आवाजाने कान झाकत, त्यांची मुले सकाळी उठून, अंडे अर्धवट टाकून, त्या बाकांवर येऊन बसत आणि पुढच्या बादलीत काय येईल यावर पैजा लावत. काही पाहुणे निघून गेले आणि पुन्हा आले नाहीत, हेही खरे. एक बाई जाताना हेस्टरला म्हणाल्या, की हे आता विश्रांतीचे ठिकाण राहिले नाही. हेस्टर म्हणाली, “हे बंदर आहे बाई. विश्रांती आम्ही सोबत देतो.”

माझे ते सर्वांत चांगले दिवस होते. मला सुंदर कुणी म्हटले नाही. पण संध्याकाळी बोटी आत येत तेव्हा प्रत्येक तांडेल माझ्याजवळून जाताना टोपीला हात लावत असे. पूर्वी कुणी लावत नसे.

मग दुसरे महायुद्ध झाले. त्यानंतर हेरिंग जी गेली ती आलीच नाही. जव मोटारलॉरीतून जाऊ लागले. धुरावण्याच्या खोल्या एकेक करून विझल्या. मोठ्या बंदरातून एक नवी बोट यायची. नळीने गाळ शोषून घ्यायची आणि माझ्या महिन्याभराचे काम थोडक्या दिवसांत उरकून निघून जायची. तिच्या नळीला जाळी होती. मोठे काही आले तर अडायचे, लहान सगळे गाळाबरोबर समुद्रात जायचे. तिच्यावर उभे राहून बघायला कुणी नव्हते.

रूबेन म्हातारा झाला होता. शेवटच्या दिवशी त्याने वाफ सोडली, सगळ्या सांध्यांना तेल दिले, जणू सोमवारी परत यायचे आहे. ओबेड त्याच्या आधी गेला होता. पुढच्या वसंतात रूबेनही गेला. त्या दोघांची थडगी चॅपेलमागे शेजारी शेजारी आहेत, असे माझ्या काठावर बसून गप्पा मारणाऱ्यांकडून कळले. हेस्टर दोघांच्या मागे पुष्कळ जगली. तिच्या खिडकीतल्या साऱ्या वस्तू तिने गावाला दिल्या. जाळी विणायच्या जुन्या माडीत त्यांचे छोटे संग्रहालय झाले. आता लांबून लोक ते बघायला येतात. चिलमी, गोळा, रांजण, बूट, सगळे काचेआड मांडलेले आहे. ‘बंदराच्या तळाशी सापडलेल्या वस्तू’ असे वर लिहिले आहे. कुणी काढल्या ते लिहिलेले नाही.

मला खाडीच्या एका कोपऱ्यात बांधले आणि विसरले. गाव आज देखणे आहे. धक्क्यावर रंगीत दुकाने आहेत, खेकड्याचे सँडविच मिळते, पांढऱ्या शिडांच्या नौका उभ्या असतात. गावाच्या माहितीपत्रकात माझा फोटो आहे. माझ्यावर बसलेल्या पक्ष्यांसाठी तो काढलेला आहे. खाली ‘जुना पडाव’ असे छापले आहे. इकडे भरती-ओहोटीने थोडा थोडा गाळ आणून माझ्या भोवती घातला. आधी सुकाणू दिसेनासे झाले, मग अर्धे अंग. भरती आली तरी मी तरंगेनाशी झाले.

गेल्या हिवाळ्यात गावाच्या सभेत माझा विषय निघाला. तोडून भंगारात द्यावे असे बरेच जण म्हणाले. ग्लेनिस बर्डॉक म्हणून एक बाई आहेत. त्यांचे तळलेल्या माशांचे दुकान आहे. त्या म्हणाल्या, “आधी तिला तरंगू द्या. मग ठरवा. चिखलात रुतलेल्या बाईचा निकाल लावू नये.” सभेत लोक हसले. पण पुढच्या शनिवारी ओहोटीच्या वेळी काही माणसे गुडघ्यापर्यंत बूट घालून, फावडी घेऊन माझ्यापाशी आली.

ती आजही येतात. त्यांच्यात मार्टिन नावाचे एक गृहस्थ आहेत. शहरातली नोकरी संपवून ते इथे राहायला आले. दिवसभर राबून त्यांनी माझ्या बाजूने मोठा चर खणला होता. दुसऱ्या शनिवारी येऊन पाहतात, तर तो निम्मा भरलेला.

“हे सगळं परत भरलं,” ते म्हणाले.

“भरणारच,” ग्लेनिसबाई म्हणाल्या.

“मग आपण करतोय ते कशाला?”

“तुमच्या घरी भांडी एकदाच घासतात का?”

मार्टिननी फावड्यावर हनुवटी टेकवून थोडा विचार केला. मग कुरकुरत खाली उतरले.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखे काहीतरी असेल. एखादा जुना बांध असेल, ओढा असेल, विहीर असेल, किंवा एखादे माणूसच असेल, ज्याच्या कामामुळे सगळे सुरळीत चालते आणि म्हणूनच ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्याच्यासाठी बँड वाजवू नका. त्याची पाटी झाली नाही तरी चालेल. फक्त मधून मधून वाकून बघा, आणि साचलेले काढा. एकदा काढून भागत नाही, तेव्हा पुन्हा काढा.

परवाच्या भरतीला पाणी नेहमीपेक्षा चांगले चढले. माणसे चहा पीत काठावर उभी होती. पाणी चरातून आत शिरले, माझ्या खालून सरकले, आणि माझा मागचा भाग जरासा, अगदी बोटभर, वर उचलला गेला.

मार्टिननी कप खाली ठेवला आणि ते फावडे शोधायला लागले.